नळ जुना, पाणी नवं

ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने शहराचं पाणी घेणं थांबवलं. त्या पाण्यात क्लोराइड इतकं होतं की इंजिनाचे भाग गंजायला लागले होते. कारखान्याने शेजारच्या टाउनशिपकडून दुसरं पाणी मिळवलं आणि त्याच्यापुरता प्रश्न सुटला. शहरातली सुमारे एक लाख माणसं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिली. पुढे त्यांच्या नळाच्या पाण्यात शिसं सापडलं, मुलांच्या रक्तातही सापडलं आणि फ्लिंटचं नाव जगभर झालं.

या प्रकरणातली एक गोष्ट चर्चेच्या गदारोळात मागे पडते. शिसं फ्लिंट नदीतून आलेलं नव्हतं. शुद्धीकरण केंद्रातून पाणी निघालं तेव्हाही त्यात म्हणण्यासारखं शिसं नव्हतं. ते पाण्यात उतरलं वाटेत, जमिनीखालच्या आणि घरांच्या भिंतींतल्या नळांमध्ये. नळ तेच होते. त्याच नळांतून आधी कित्येक वर्षं बरं पाणी येत होतं. बदललं होतं ते फक्त पाणी.

पाणी कुठून येतं याची चौकशी आपण करतो. ते कशातून येतं आणि येता येता त्या नळाशी त्याची काय देवघेव होते, हे सहसा कोणी विचारत नाही. फ्लिंटचा सगळा घोळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

गंज म्हणजे काय

लोखंड पाण्याला लागलं की त्याच्या पृष्ठभागावरचे काही अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. सुटलेले इलेक्ट्रॉन उचलायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हजर असतो. लोहाचं हे पाण्यात उतरलेलं रूप, म्हणजे फेरस, जवळजवळ रंगहीन असतं. त्याची ऑक्सिजनशी किंवा क्लोरीनशी पुन्हा गाठ पडली की त्याचं फेरिक होतं. फेरिक लोह पाण्यात फारसं विरघळत नाही. ते तांबूस कणांच्या रूपात खाली बसतं, नाहीतर नळाच्या भिंतीला चिकटतं. फेरसचं फेरिक किती झपाट्याने होईल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतं. सामू एका अंकाने वाढला की हा वेग साधारण शंभरपट वाढतो.

पन्नास-साठ वर्षं वापरलेला बिडाचा नळ उभा कापून पाहिला तर आतली भिंत कुठेच गुळगुळीत सापडत नाही. तांबूस-काळसर गाठी उठलेल्या असतात. काही बोराएवढ्या असतात, तर काही इतक्या वाढलेल्या की पाण्याची वाट निम्म्याने अडलेली असते. अशी एक गाठ फोडली तर आत थर दिसतात. सगळ्यात वर पिवळट-तांबूस, भुसभुशीत लेप असतो. बोटाने खरवडला तरी निघतो. त्याखाली काळं, कठीण कवच असतं, मुख्यतः मॅग्नेटाइट आणि गोथाइट या लोहखनिजांचं. कवचाच्या आत सच्छिद्र गाभा असतो. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे लोह फेरस रूपातच राहतं. गाभ्याच्या तळाशी नळाची खड्डा पडलेली लोखंडी भिंत असते आणि तिथे गंजणं चालूच असतं.

या तीन थरांमध्ये मधलं कवच महत्त्वाचं. कवच शाबूत असेल तर आतला फेरस आत राहतो, वरचा लेप जागेवर राहतो आणि नळाला पाणी स्वच्छ येतं. कवच कमकुवत झालं की आतला ऐवज बाहेर पडतो. म्हणून नळ किती गंजला आहे यापेक्षा त्यावरचा गंज किती स्थिर आहे, हा प्रश्न मोठा.

गंजाच्या पोटातला साठा

नुसतं लोह पोटात गेलं तर फारसं बिघडत नाही. पाणी लाल दिसतं, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात, तोंडाला धातूची चव येते. धोका असतो लोहाच्या आडून येणाऱ्या धातूंचा.

गाठीवरचा तो भुसभुशीत लेप अतिशय सूक्ष्म कणांचा असतो. ताज्या फेरिक ऑक्साइडच्या एका ग्रॅमचं अंतर्बाह्य पृष्ठफळ दोनशे चौरस मीटरच्या वर जातं. एवढ्या पृष्ठभागावर पाण्यातले इतर धातू येऊन चिकटतात. शिसं, आर्सेनिक, मँगनीज, कॅडमियम, व्हॅनेडियम यांपैकी काहीही पाण्यात अगदी नगण्य प्रमाणात असलं, तरी दिवसाला हजारो लिटर पाणी वर्षानुवर्षं जात राहिलं की गंजात त्याचा साठा होतो. पाण्याची तपासणी केली तर ते मर्यादेत भरतं, आणि नळाच्या आतल्या गंजात त्याच धातूचं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त निघतं.

लोहाच्या या गुणाचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. बंगालच्या दोन्ही बाजूंना विहिरींच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायला लोखंडाच्या चुऱ्याचे फिल्टर वापरले जातात. तिथे गंज मुद्दाम तयार केला जातो आणि त्याने आर्सेनिक धरून ठेवावं अशी अपेक्षा असते. घरगुती फिल्टरमधला चुरा वेळोवेळी बदलता येतो. शहराखालच्या शेकडो किलोमीटर नळांतला गंज कोण बदलणार?

साठा झाला आहे एवढ्यानेही लगेच संकट येत नाही. शिसं जोवर गंजात बसून आहे, तोवर ते प्यायच्या पाण्यात नाही. ते सुटतं पाण्याची प्रकृती बदलली की.

कशाने सुटतं

पहिला घटक सामू. गंजाच्या कणांवर सौम्य विद्युतभार असतो आणि तो सामूनुसार पालटतो. शिशासारखे धनभारित धातू जास्त सामूला घट्ट चिकटतात आणि सामू उतरला की सुटतात. आर्सेनिक पाण्यात बहुधा ऋणभारित आर्सेनेटच्या रूपात असतं, त्याची चाल बरोबर उलटी. सामू वाढला की ते गंजावरून निघायला लागतं. म्हणजे सगळ्या धातूंना एकाच वेळी जागच्या जागी ठेवील असा एकच सामू नाही. शिशासाठी चुना टाकून सामू चढवणाऱ्याने आर्सेनिकवरही लक्ष ठेवायला हवं.

दुसरा घटक पाण्यातले क्षार. क्लोराइड आणि सल्फेट गंजणं वाढवतात, कारण विरघळत्या लोहाच्या मागे ते गाठीच्या आत शिरतात आणि कवच घट्ट होऊ देत नाहीत. बायकार्बोनेट त्याच्या विरुद्ध बाजूने काम करतं. ते सामू सावरतं आणि लोहाचे थर टिकाऊ बनवायला मदत करतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या जलसर्वेक्षण संस्थेतले टी. ई. लार्सन यांनी 1950 च्या दशकात या दोन बाजूंचं गुणोत्तर मांडलं. क्लोराइड आणि सल्फेट वर, बायकार्बोनेट खाली. हा आकडा जितका मोठा, तितकं पाणी लोखंडाला जाचक. शिशासाठी आणखी एक गुणोत्तर पाहतात, क्लोराइड भागिले सल्फेट. शिशाचा डाख जिथे तांब्याच्या नळाला लागलेला असतो, तिथे हा आकडा वाढला की शिसं झपाट्याने झिजतं.

तिसरा घटक क्लोरीन आणि ऑक्सिजन. हे दोन्ही पाण्यात पुरेसे असले तर गाठीवरचा लेप फेरिक रूपात जागेवर राहतो. पाणी रात्रभर नळात साचून राहिलं की ऑक्सिजन संपतो, क्लोरीनही संपतो. मग फेरिकचंच पुन्हा फेरस व्हायला लागतं, लेप विरघळतो आणि त्याला चिकटलेलं जे काही असेल ते मोकळं होतं. मँगनीजचंही असंच. क्लोरीन असेपर्यंत ते काळ्या थराच्या रूपात चिकटून बसतं, क्लोरीन संपला की पाण्यात उतरतं.

चौथा घटक फॉस्फेट. पाण्यात लिटरमागे मिलिग्रॅमभर ऑर्थोफॉस्फेट सोडलं तर शिशाच्या पृष्ठभागावर शिसं-फॉस्फेटची जवळजवळ न विरघळणारी पातळ साय धरते, आणि लोखंडाचा गंजही आवळला जातो. हे शेणाच्या सारवणासारखं आहे. एकदा सारवून भागत नाही, पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो, आणि सोडून दिलं की पोपडे निघतात. फॉस्फेटची मात्रा म्हणूनच रोज, अखंड द्यावी लागते. ब्रिटनमध्ये जुने शिशाचे नळ अजून बऱ्याच घरांत असल्याने तिथलं बहुतेक सार्वजनिक पाणी फॉस्फेट मिसळूनच दिलं जातं.

फ्लिंटमध्ये काय घडलं

आता हे चार घटक फ्लिंटला लावून पाहू. शहर आधी डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचं पाणी विकत घेत होतं. त्या पाण्यात फॉस्फेट मिसळलेलं असे. खर्च वाचवण्यासाठी 25 एप्रिल 2014 रोजी शहराने स्वतःचं जुनं शुद्धीकरण केंद्र सुरू करून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. नदीच्या पाण्यात क्लोराइड आधीच जास्त होतं. त्यात गाळ खाली बसवायला फेरिक क्लोराइड वापरलं गेलं, त्याने भर पडली. क्लोराइडचं प्रमाण डेट्रॉइटच्या पाण्याच्या सुमारे आठपट झालं. क्लोराइड-सल्फेट गुणोत्तर 0.45 वरून 1.6 वर गेलं. आणि फॉस्फेट? ते टाकलंच नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं होतं की आधी दोन सहामाह्या पाण्याचं निरीक्षण करू, मग काय ते ठरवू. त्या सहामाह्यांत शहरभरचं सारवण उखडत गेलं.

आधी दिसला तो रंग. नळाला तांबूस-पिवळं पाणी यायला लागलं. गंजणारं लोखंड क्लोरीन खात होतं, त्यामुळे टोकाच्या भागात क्लोरीन पोचेना. त्याच उन्हाळ्यात पाण्यात ई-कोलाय जीवाणू सापडले आणि पाणी उकळून प्या असे इशारे द्यावे लागले. उपाय म्हणून क्लोरीन वाढवला, तर त्याचे घातक उपपदार्थ मर्यादेबाहेर गेले. 2014 आणि 2015 मध्ये त्या भागात लीजनेअर या जंतुजन्य रोगाचे सुमारे नव्वद रुग्ण आढळले, त्यांपैकी बारा दगावले. संशोधकांनी या साथीचा संबंध घटलेल्या क्लोरीनशी जोडला आहे. नळ गंजला की फक्त धातूच येतात असं नाही. पाण्याचं जंतूंपासूनचं संरक्षणही जातं.

शिशाचा उलगडा एका घरामुळे झाला. तिथल्या आईने पाण्याचा पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल 2015 मध्ये त्या घरातून घेतलेले नमुने व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक मार्क एडवर्ड्‌स यांच्या प्रयोगशाळेत गेले. एका नमुन्यात लिटरमागे 13,200 मायक्रोग्रॅम शिसं निघालं. अमेरिकेत तेव्हा 15 मायक्रोग्रॅमला कारवाईची वेळ आली असं मानत. 5,000 च्या वर गेलं तर तो घातक कचरा. म्हणजे नळातून येत होतं ते कायद्याच्या मापाने कचऱ्यातच जमा होतं.

गंमत अशी की घराच्या आतली नळजोडणी प्लास्टिकची होती. मग शिसं कुठून आलं? रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडणीत काही भाग शिशाच्या नळाचा होता आणि काही भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळाचा, म्हणजे आपण ज्याला जीआय पाइप म्हणतो त्याचा. नमुन्यांत शिशाबरोबर कॅडमियम, जस्त आणि कथिलही सापडलं. ही संगत बोलकी होती. जुन्या काळच्या जस्ताच्या मुलाम्यात शिसं आणि कॅडमियम ही अशुद्धी म्हणून असायचीच. शिवाय शिशाच्या नळातून झिरपलेलं शिसं वर्षानुवर्षं पुढच्या जीआय पाइपच्या गंजात जमत गेलं होतं. नव्या पाण्याने तो गंज सुटला आणि शिसं कणांच्या रूपात बाहेर पडलं. म्हणूनच एका बाटलीत थोडं, तर दुसरीत डोळे पांढरे करील इतकं.

सप्टेंबर 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तचाचण्यांचे आकडे जाहीर केले. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त होतं, त्यांचं प्रमाण पाणी बदलल्यावर 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेलं होतं. ऑक्टोबरच्या मध्यावर शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्याकडे वळलं आणि डिसेंबरमध्ये जादा फॉस्फेट टाकायला सुरुवात झाली. तरी उखडलेले थर पुन्हा बसायला वेळ लागला. शिशाचं प्रमाण मर्यादेच्या आत आलं ते 2016 च्या उत्तरार्धात. खर्च वाचवण्यासाठी उचललेल्या पावलापायी नागरिकांना द्यायची भरपाईच 62.6 कोटी डॉलरवर गेली.

या अनुभवानंतर अमेरिकेच्या नियमांत एक कलम आलं. शिशाच्या नळाच्या पुढे जोडलेला जीआय पाइप हाही बदलण्याच्या यादीत धरायचा, कारण शिशाचा तुकडा काढला तरी गंजातला साठा मागे उरतो.

उपायातून अपाय

फ्लिंटमध्ये निष्काळजीपणा होता, म्हणून ते विसरून जाऊ असं म्हणता येत नाही. चांगल्या हेतूने केलेला बदलही अंगाशी येतो. वॉशिंग्टन शहराने नोव्हेंबर 2000 मध्ये क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली. हेतू हा की क्लोरीनचे घातक उपपदार्थ कमी व्हावेत. ते कमी झालेही. पण तिथल्या शिशाच्या नळांवरचा संरक्षक थर शिसं-डायऑक्साइडचा होता आणि तो टिकायला क्लोरीनइतका जोरकस ऑक्सिडीकारक लागतो. क्लोरामाइन त्या मानाने सौम्य. थर विरघळायला लागला, हजारो घरांत शिसं मर्यादेबाहेर गेलं आणि लोकांना ते ठळकपणे कळलं 2004 मध्ये. शेवटी तिथेही फॉस्फेटनेच मार्ग काढला.

ॲरिझोनातल्या ट्यूसॉन शहरात विषाचा प्रश्न नव्हता, तरी पाण्याने शहर हलवलं. भूजलावर चाललेल्या या शहराने 1992 च्या नोव्हेंबरात कालव्याने आणलेलं कोलोरॅडो नदीचं पाणी थेट नळांत सोडलं. त्यात क्षार जास्त होते. जुने जीआय पाइप आतून सुटायला लागले, घरोघर तांबडं पाणी आलं, नळ फुटले, गिझर बिघडले. 1994 मध्ये ते पाणी बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी मतदारांनी मतपेटीतूनच ते थेट देण्यावर निर्बंध घातले. नदीचं पाणी आधी जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून द्यायला 2001 साल उजाडलं. तेच नळ, तीच नदी, पण मिसळ बदलल्यावर तक्रारी थांबल्या.

फॉस्फेटही रामबाण नाही. आर्सेनेट आणि फॉस्फेट यांची रेणुरचना सारखी असल्याने गंजावरच्या जागांसाठी दोघांत चढाओढ लागते. गंजात आर्सेनिकचा साठा असेल तर शिसं आवरायला टाकलेलं फॉस्फेट आर्सेनिकला जागेवरून हुसकू शकतं. म्हणून आधी गंजात काय काय साठलं आहे ते पाहायचं आणि मग मात्रा ठरवायची, हा क्रम चुकवून चालत नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात जुन्या चाळी, वाडे आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या यांच्यात जीआय पाइप अजून सर्रास आहेत. त्यात आपल्या दोन सवयी गंजाला पोषक आहेत.

एक, पाणी ठरावीक वेळी येणं. तासभर नळ भरून वाहतो, मग कित्येक तास रिता, पण आतून ओला. हवा शिरते, गंज धरतो आणि पुढच्या वेळी पाण्याचा पहिला लोट भुसभुशीत थर घेऊन येतो. सकाळी पहिली बादली झाडांना घालण्याची जी रीत घरोघर आहे, ती रसायनशास्त्राला धरूनच आहे.

दुसरी सवय जास्त गंभीर. एकाच सोसायटीच्या टाकीत सोमवारी महापालिकेचं पाणी, बुधवारी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. धरणाचं पाणी हलकं, देशावरच्या बोअरचं जड, टँकरचं देव जाणे. फ्लिंटने पाणी एकदा बदललं, आपल्या टाक्यांत ते आठवड्याला बदलतं. अशा नळात स्थिर थर बसायला उसंतच मिळत नाही. घरात शिशाचा नळ नसेलही, पण जुना जस्ताचा मुलामा असतो आणि पितळी तोट्यांच्या मिश्रधातूत शिसं असतं. भारतीय मानकानुसार प्यायच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. त्या मानाने हे किरकोळ साठेही दखल घेण्याजोगे.

शुद्धीकरण केंद्रात गाळ बसवायला तुरटी वापरली तर पाण्यात सल्फेट वाढतं, पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरलं तर क्लोराइड. हा निर्णय बहुधा दर आणि गढूळपणा पाहून होतो. नळांचाही हिशेब त्यात धरायला हवा. गावपातळीवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर शेवटच्या नळाला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पिवळा रंग आला नाही, तर पावडर वाढवण्याकडे कल असतो. वाटेतला गंजका नळच क्लोरीन खात असेल, ही शक्यताही तपासावी.

घरात करण्यासारखं थोडं आहे, पण उपयोगी आहे. रात्रभर साचलेलं पाणी पिण्या-स्वयंपाकासाठी घेऊ नये, थोडं वाहू द्यावं. तोटीच्या तोंडाची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवावी, धातूचे कण तिथे अडकतात. गिझरचं गरम पाणी स्वयंपाकाला वापरू नये, कारण गरम पाणी धातू जास्त विरघळवतं. आणि उकळल्याने शिसं जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं उरतं. पाणी तपासायला द्यायचं तर सकाळच्या पहिल्या साचलेल्या पाण्याची बाटली द्यावी. नळ आधी मोकळा सोडून घेतलेला नमुना फसवा असतो.

मोठं काम मात्र घरात होणारं नाही. शहर नवं धरण, नवी नदी किंवा नवं रसायन स्वीकारतं तेव्हा जुन्या नळांचे तुकडे काढून त्यांतून काही महिने नवं पाणी खेळवून पाहता येतं. ही परीक्षा अवघड नाही आणि नळ फुटण्यापेक्षा, मुलांच्या रक्तात शिसं जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पाणीपुरवठ्याची नवी योजना जाहीर झाली की आपण दोनच प्रश्न विचारतो, पाणी किती येणार आणि शुद्ध असणार का. त्यात तिसरा घाला: हे पाणी आमच्या जुन्या नळांतून खेळवून पाहिलं आहे का? उत्तर लेखी मागा.